वराहरावांच्या जीपचं नवं नाक

एका जंगलात गाड्या आल्या. कशा आल्या, पेट्रोल कुठून यायचं, असले प्रश्न आत्ताच विचारू नका. प्राणी बोलतात ते तुम्हाला चालतं, आणि त्यांनी गाडी चालवली की लगेच लायसन विचारता. मांडी घालून बसा आणि ऐका.

त्या जंगलात वराहराव नावाचे एक रानडुक्कर राहत होते. अंगाने भरदार, मनाने निर्मळ, पण कानाने हलके. कोणी काहीही सांगितलं की यांना पटायचं. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती आणि कर्दळीबाई नावाची बायको होती. दोघींवर त्यांचा जीव होता. कोणावर जास्त ते कर्दळीबाईंना माहीत होतं, पण त्या बोलत नसत.

वराहरावांच्या घराण्याला एक मान होता. तो मान म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

दसऱ्याच्या दिवशी जंगलातले हौशी लोक घाट चढून खिंडीपर्यंत जायचे. खिंडीपलीकडे जंगलाची हद्द संपायची. तिथल्या आपट्याची पानं तोडायची आणि परत खाली दरबारात यायचं. जो पहिला सोनं घेऊन येईल, त्याच्या हातून वाघ महाराज सोनं घ्यायचे आणि जेवायला त्याला शेजारी बसवायचे. वराहरावांच्या आजोबांनी हा मान पायी पळून मिळवला होता. वडिलांनीही पायीच. वराहरावांनी जीप घेतली आणि सात वर्षं मान राखला.

आता यात एक रीत होती. सोनं येईपर्यंत सगळ्या दरबाराने रस्त्याकडे पाठ करून बसायचं. स्वतः महाराजांनीसुद्धा. वाट बघत बसलं की सोनं रुसतं, असं त्या जंगलात मानायचे. सोनं आणणाऱ्यानेही हाक मारायची नाही. महाराजांना चाहूल लागली की ते आपणहून मागे वळणार आणि समोर दिसेल त्याला मान देणार. का, कशासाठी, हे कोणी विचारलं नव्हतं. तुमच्याकडेही अशा पुष्कळ रीती आहेत, त्यामुळे हसू नका.

दर वर्षी दुसरी यायची ती साळूबाई. साळूबाई म्हणजे साळिंदर. तिची गाडी लहान होती, जुनी होती आणि अजिबात आवाज करत नसे. दर महिन्याला ती बॉनेट उघडायची, एअर फिल्टरचा काळा डबा खोलायची आणि आतला घड्याघड्यांचा कागदी फिल्टर काढून दगडावर हलकेच आपटायची. मग स्वतःच्या पाठीचा एक काटा घेऊन प्रत्येक घडीतली धूळ काढत बसायची. बघणाऱ्याला कंटाळा यायचा. गेल्या वर्षी ती वराहरावांच्या मागे फक्त एका वळणाने होती.

ते एक वळण वराहरावांच्या मनात घर करून बसलं. रात्रंदिवस एकच घोर. आजोबांनी राखला, वडिलांनी राखला, आणि माझ्या हातून गेला तर? जेवणावरची वासना उडाली. रानडुकराची जेवणावरची वासना उडते म्हणजे मामला किती गंभीर, ते तुम्हीच ओळखा.

अशा वेळी त्यांना मोबाईलवर तुरेसर दिसले.

तुरेसर म्हणजे रानकोंबडा. गाड्यांविषयी सल्ले देणारे त्यांचे व्हिडिओ अख्खं जंगल बघायचं. सरांकडे स्वतःची गाडी नव्हती. पण आवाज खणखणीत होता आणि दर वाक्याला मान उडवायची सवय होती, त्यामुळे गाडी नाही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मित्रांनो," तुरेसर म्हणाले, "तुमच्या इंजिनाचा श्वास कोंडलाय. कंपनीने तुमच्या गाडीच्या नाकावर डबा ठेवलाय. तो डबा काढा आणि उघडा फिल्टर बसवा. मग बघा गाडी कशी सुटते."

वराहरावांनी हा व्हिडिओ अकरा वेळा बघितला. प्रत्येक वेळी त्यांचा स्वतःचाच श्वास कोंडल्यासारखा झाला.

तुरेसरांनी पुढे तीन प्रकारचे फिल्टर दाखवले. एक स्पंजचा, एक साधा कागदी आणि एक कापडी, धुऊन परत वापरायचा. कापडी शंकूच्या आकाराचा होता. वर चकचकीत टोपी होती आणि कापड लालभडक होतं. कोणता किती धूळ अडवतो, कोणत्या गाडीला कोणता चालतो, हेही सर सांगत होते. पण वराहरावांची निवड तोवर होऊन गेली होती.

"लाल," ते म्हणाले.

लाल शंकू घेऊन ते खवलेमामांच्या गॅरेजात गेले. खवलेमामा म्हणजे खवल्या मांजर. अख्ख्या जंगलात एकच मेकॅनिक. हळू बोलणारे, हळू चालणारे, आणि काम करता करता शेजारच्या वारुळातल्या मुंग्या खाणारे.

मामांनी शंकू फिरवून बघितला. "हा कशाला?"

"इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून."

"तुमच्या इंजिनाने तक्रार केलीय का?"

"तसं नाही, पण मामा, डबा आहे ना त्याच्या नाकावर."

मामांनी एक मुंगी खाल्ली. "वराहराव, त्या डब्याची नळी बघा. तिचं तोंड चाकाच्या वर, बाहेरच्या अंगाला काढलंय. म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा मिळते. गार हवा दाट असते, इंजिनाला जोर देते. डब्यातला कागद धूळ अडवतो. हा शंकू बसवला तर तो इंजिनाच्या शेजारी उघडा राहणार. इंजिनाचीच गरम हवा परत ओढणार. आणि आपल्याकडची लाल माती तुम्हाला ठाऊक आहे."

"पण आवाज?"

"आवाज येईल. डबा होता म्हणून दबला होता."

वराहरावांना एवढंच ऐकायचं होतं. "बसवा," ते म्हणाले. "आणि दिसला पाहिजे. बॉनेटला भोक पाडा."

मामांनी भोक पाडलं. गिऱ्हाईकाच्या हट्टापुढे मेकॅनिक काय करणार? फक्त जुना काळा डबा त्यांनी पुसला, त्यावर खडूने वराहरावांचं नाव लिहिलं आणि फळीवर नीट ठेवून दिला. भंगारात टाकला नाही.

जीप सुरू झाली. वराहरावांनी पाय दाबला आणि लाल शंकूने हवा ओढली. सूंऽऽऽ!

झाडावरची पाखरं उडाली. दोन ससे बिळात शिरले. वराहरावांच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मामा, पळतेय की नाही?"

"मोजून बघू," मामा म्हणाले.

मामांकडे घड्याळ नव्हतं. ते वेळ वारुळावर मोजायचे. वराहरावांनी घाट चढून यायचं आणि तोवर मामांनी मुंग्या खायच्या. जुन्या डब्यावर जीप परत येईपर्यंत मामांचं अर्धं वारूळ संपायचं. वराहराव सूं करत गेले, सूं करत आले.

"किती झालं?"

"पाऊण वारूळ," मामा म्हणाले.

"मग आज तुम्ही भराभर खाल्लं असणार," वराहराव म्हणाले आणि आनंदात घरी गेले.

पंधरा दिवस जंगलात दुसरा विषय नव्हता. वराहराव बाजाराला निघाले की तीन डोंगर पलीकडे कळायचं. "काय पळतेय जीप," लोक म्हणायचे. जीप अजून नदीपाशीच असायची, पण आवाज येऊन पोचलेला असायचा. साळूबाईनेही आवाज ऐकला. तिने बॉनेट उघडलं, फिल्टर काढला आणि काट्याने धूळ काढायला बसली.

दसरा उजाडला. सकाळी सगळ्या गाड्या धुतल्या गेल्या आणि पूजेला सुरुवात झाली.

इतकी वर्षं कर्दळीबाई जीपच्या चाकांना हळदकुंकू लावायच्या, पुढे एक हार घालायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. यंदा त्यांची नजर लाल शंकूवर गेली. ज्याच्या जोरावर जीप पळणार, त्याचीच पूजा नको? आणि तो बॉनेटमधून बाहेर आलेला, निमुळता, लालभडक, वर चकचकीत टोपी. हात आपोआप जोडले जावेत असंच ते रूप होतं.

तुरेसरांनी एका व्हिडिओत सांगितलं होतं की कापडी फिल्टरला तेलाचा हलका हात द्यावा, म्हणजे धूळ चिकटते. हलका हात म्हणजे काय हे सरांनी सांगितलं नव्हतं. कर्दळीबाईंना हात देणं म्हणजे दिवाळीच्या पहाटेचं अंगाला तेल लावणं एवढंच ठाऊक. त्यांनी शंकूला निथळेपर्यंत तेल चोळलं. मग हळद लावली. मग कुंकू. मग अक्षता. मग मूठभर गुलाल. वर झेंडूचा पाचपदरी हार गच्च गुंडाळला.

तेवढ्यात शेजारणी आल्या. घरची पूजा बघून नुसतं कोण जातं? भेकरीण आली, सांबरीण आली, मुंगसाची आई आली. प्रत्येकीने चिमूट चिमूट कुंकू वाहिलं. शेवटी वराहरावांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावाने शंकूवर शिंपडलं.

पलीकडे साळूबाईने तिच्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि एक फूल ठेवलं. तिच्या फिल्टरची पूजा करायची कोणाला बुद्धी झाली नाही, कारण तो डब्यात होता आणि दिसत नव्हता.

दरबार भरला. महाराजांनी आणि सगळ्या प्राण्यांनी रस्त्याकडे पाठ केली. नगारा वाजला. गाड्या सुटल्या.

पाच गाड्या निघाल्या होत्या. त्यांतल्या तीन शोभेच्या होत्या. त्या पहिल्या चढालाच चहाला थांबल्या.

वराहरावांची जीप पुढे होती. सूंऽऽऽ! दरबारात माना डोलल्या. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला सूं-चं घूं झालं. झेंडूच्या पाकळ्या जाळीला चिकटल्या होत्या. तिसऱ्या वळणाला हळद, कुंकू, गुलाल आणि तेल यांचा मस्त लगदा होऊन कापडात मुरला. जीप खोकली. मागून काळा धूर सुटला. वराहरावांनी पाय आणखी दाबला. जीपने तीन गचके दिले आणि खिंडीच्या दोन वळणं आधी ती गप्प झाली.

शेजारून साळूबाई आवाज न करता वर गेली.

वराहराव खाली उतरले आणि दगडावर बसले. आजोबा आठवले. वडील आठवले. आजोबा ज्या चढाने पायी गेले, त्याच चढावर आपण जीपशेजारी बसलोय, हे मनात आलं आणि त्यांना रडू कोसळलं. एवढं मोठं रानडुक्कर, पण हमसून हमसून रडलं.

थोड्या वेळाने साळूबाई वरून परत आली. गाडीत आपट्याची भली मोठी फांदी होती. तशीच पुढे गेली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं. पण ती थांबली.

"काय झालं, वराहराव?"

"बंदच पडली. सुरूच होईना."

साळूबाईने जीपचं बॉनेट बघितलं. "अहो, हिने श्वास घ्यायचा कुठून? नाकात झेंडू कोंबलाय तुम्ही."

तिने हार सोडवला. शंकू दगडावर आपटला. त्यातून गुलालाचं ढेकूळ पडलं, पण कापड काही मोकळं होईना. मग तिने शंकूच काढून सीटवर ठेवला. "आता उतारच आहे. दरबारापर्यंत असंच जा. फिल्टर नाही म्हणजे धूळ आत जाईल, तेव्हा सावकाश जा आणि उद्या पहिलं काम म्हणजे मामांकडे. डबा परत बसवून घ्या."

"साळूबाई, मान तुमचा झाला," वराहराव म्हणाले. डोळे पुसत, पण मनापासून.

"झाला खरा," साळूबाई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. सात वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. मग तिने फांदीची एक डहाळी मोडून त्यांच्या हातात दिली. "घ्या. सणाचा दिवस आहे. दरबारात रिकाम्या हाताने जाऊ नका."

ती पुढे निघाली. वराहरावांनी किल्ली फिरवली.

आता ऐका. फिल्टर होता तेव्हा जीप सूं करत होती. फिल्टर गेल्यावर घसाच उघडा पडला. जी काय डरकाळी निघाली, ती ऐकून वाघालासुद्धा वाटावं आपणच काही बोललो की काय.

साळूबाई दरबारात पोचली. गाडी लावली. फांदी घेऊन महाराजांच्या मागे उभी राहिली. कोणालाच चाहूल लागली नाही. हाक मारायची नाही, अशी रीत. ती नुसती उभी राहिली. एकदा हळूच खाकरली. महाराजांना वाटलं, प्रधान खाकरले. उभी राहून राहून तिचे पाय दुखायला लागले.

मग घाटातून ती डरकाळी खाली आली. दरबार शहारला. महाराज झटकन वळले. समोर धुळीच्या लोटातून वराहराव जीपमधून उतरत होते, हातात सोनं.

"आले, वराहराव आले," महाराज म्हणाले. मग त्यांची नजर साळूबाईकडे गेली. "अरेच्या, साळूबाई, तुम्ही यंदा गेलाच नाहीत?"

"गेले होते, महाराज. आलेसुद्धा."

"छान छान," महाराज म्हणाले. तुमची मामी तुम्हाला म्हणते ना, तसं.

वराहरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पुढे झाले. "महाराज, माझी जीप बंद पडली होती. साळूबाई आधी आल्या. हे सोनंसुद्धा त्यांनीच दिलंय."

महाराजांचे डोळे पाणावले. "बघा," ते म्हणाले, "मानकरी असावा तर असा. जिंकूनही श्रेय दुसऱ्याला देतोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वराहराव जितकं खरं सांगत गेले, तितक्या टाळ्या वाढत गेल्या. शेवटी ते गप्प बसले. जेवायला महाराजांच्या शेजारी पाट मांडला होता. पुढ्यात कंदांची खीर होती. ती त्यांनी नुसतीच ढवळत ठेवली. पंगतीच्या टोकाला साळूबाई शांतपणे जेवत होती. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तुरेसरांचा व्हिडिओ आला: डबा काढा, मान मिळवा. महिन्याभरात साळूबाईची सोडून जंगलातल्या सगळ्या गाड्यांना लाल शंकू बसले. खवलेमामा समजावून दमले आणि भोकं पाडत सुटले. त्यांच्या फळीवर काळ्या डब्यांची रांग लागली. प्रत्येकावर खडूने नाव. त्या रांगेतून उलट्या वाटेने एकच डबा परत गेला. तो वराहरावांचा.

वर्ष सरत आलं. दसऱ्याच्या चार दिवस आधी वराहराव साळूबाईच्या दारात उभे राहिले.

"साळूबाई, यंदा मान तुम्हाला मिळायला पाहिजे."

"गेल्या वर्षीही मिळायला पाहिजे होता," साळूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता. "पण मी गाडीला शंकू लावणार नाही. माझा डबा चांगला आहे."

"डबा राहू दे. फक्त मागची सीट रिकामी ठेवा."

साळूबाईला आधी कळेना. कळलं तेव्हा ती इतकी हसली, की पाठीचे दोन काटे गळून पडले.

घरी कर्दळीबाईंना वराहरावांनी सगळं सांगितलं. मान घराण्यातून जाणार, हेही सांगितलं. कर्दळीबाईंना वाईट वाटलं. मग म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवून बसाल. गळ्याला मफलर गुंडाळा."

दसऱ्याला नगारा वाजला. तीस गाड्या सुटल्या. तीसपैकी एकोणतीस गाड्यांच्या शंकूंना तेल, हळद, कुंकू, गुलाल आणि पाचपदरी हार. शेवटी तेही दैवतच. त्यांतल्या वीस पहिल्या वळणाला खोकल्या आणि उरलेल्या नऊ दुसऱ्याला. सगळा घाट झेंडूच्या वासाने भरून गेला. त्यांच्या मधून साळूबाईची लहानशी गाडी वर चढली, खिंडीत फांदी तोडली आणि खाली यायला वळली.

शेवटच्या वळणावर मागच्या खिडकीतून एक नाकाड बाहेर आलं. वराहरावांनी छाती भरून श्वास घेतला.

सूंऽऽऽ!

दरबार शहारला. महाराज झटकन वळले. समोर साळूबाई उभी, हातात फांदी. मागच्या सीटखाली वराहराव अंग चोरून पडले होते. त्यांचा घसा बसला होता, पण मन हलकं झालं होतं.

महाराजांनी साळूबाईच्या हातून सोनं घेतलं. आठ वर्षांनी घेतलं. तिचे डोळे भरून आले. सगळा दरबार उठून उभा राहिला.

"काय आवाज," महाराज म्हणाले. "साळूबाई, गाडीला फिल्टर कोणता बसवलात?"

साळूबाईला खोटं बोलायची सवय नव्हती.

"रानडुक्कर, महाराज."

महाराजांनी मान डोलावली. "नवी कंपनी दिसते," ते म्हणाले, आणि प्रधानांना सांगितलं की आपल्या गाडीलाही एक मागवून घ्या.

तात्पर्य: गाडीचा फिल्टर डब्यात ठेवावा, वेळच्या वेळी झटकावा, त्याला उगाच हात लावू नये. एवढं केलं की तुम्ही पहिले येता. मात्र पहिले आलात हे लोकांना कळावं अशी इच्छा असेल, तर मागच्या सीटवर एक रानडुक्कर बसवावं.